गच्चीवरचा आशीर्वाद

११ सप्टेंबर १९७९, मंगळवार

तोंडाळपणाचं फळ मिळालं. आज संवादांच्या वाचनाच्या वेळी मी पुन्हा कुरकुर केली. मिलाग्रोसच्या तोंडी वाक्य होतं, "मुलांनो, आमच्या संस्कृतीत कुटुंबाला फार महत्त्व असतं." मी म्हटलं, "मॉर्टी, असं कोणाची आई बोलत नाही, मावशी बोलत नाही, शेजारीण बोलत नाही. दोरीवर चादर घालताना तर नाहीच नाही."

मॉर्टी आमचा मुख्य लेखक. माणूस चांगला आहे, पण ब्रॉंक्समध्ये येतो तो फक्त बेसबॉल बघायला. त्याने चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाला, "मग तूच लिही ना, नेरेइदा."

सगळे हसले, मीही हसले. जेवायच्या सुट्टीत तो हातात सँडविच घेऊन माझ्या टेबलाशी आला. "थट्टा नव्हती ती. एक अख्खा भाग तुझा. नोव्हेंबरच्या शेवटी दाखवायचा. जमणार नसेल तर आत्ताच सांग."

जमेल म्हणाले. 

सात वर्षं मी 'गच्ची' ह्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात मिलाग्रोस आहे. खोटी गच्ची, खोटी पाण्याची टाकी, कापडी कबुतरं, खरी मुलं, आणि कायम चादरी वाळत घालणारी मी. इतक्या वर्षांत ती बाई दुसरं काही करताना कोणी पाहिलेली नाही. भाजीवाला मला मिलाग्रोस म्हणतो, दाताचा डॉक्टर मिलाग्रोस म्हणतो. आणि आज पहिल्यांदा ती बाई काय बोलेल हे मी ठरवायचं आहे, तर घरी आल्यापासून एक वाक्य सुचत नाही. भांडी घासून झाली, फ्रिज पुसून झाला.

१६ सप्टेंबर, रविवार

आईकडे गेले. पापा नेहमीच्या खुर्चीत, समोर टीव्ही, हातात पेपर.

"बेंदिसियोन, पापा," मी म्हटलं.

"तुझी आई स्वयंपाकघरात आहे," पापा म्हणाले.

दीड वर्ष हेच चालू आहे. बोलायला लागल्यापासून ह्या घरात शिरताना मी 'बेंदिसियोन', म्हणजे आशीर्वाद, मागत आले. मोठ्यांनी "देव तुझं भलं करो" म्हणायचं आणि मगच कोट खुंटीला लावायचा. फोनवरही तेच आधी, मग बाकीचं. आता मी मागते आणि पापा मला आई कुठे आहे ते सांगतात. जसं काही दोन खोल्यांच्या घरात ती सापडायची नाही.

मी विल्फ्रेदोला सोडलं हे कारण. विल्फ्रेदो वाईट नव्हता. दारू नाही, हात उचलणं नाही. घरी यायचा, जेवायचा, झोपायचा, आणि आजचा दिवस कसा गेला हे त्याने मला एकदाही विचारलं नाही. हे पापांना कसं सांगू? ते म्हणतील, त्यात काय विचारायचं, चादरीच तर वाळत घालतेस. शिवाय तो त्यांच्या जिवलग मित्राचा मुलगा आणि शनिवारचा डोमिनोचा भिडू. मी नवरा सोडला, पण पापांच्या दृष्टीने मी त्यांचा भिडू घालवला.

आईने तुरीच्या दाण्यांचा भात केला होता. "एक ना एक दिवस देतील ग," ती कुजबुजली. "तू मागायचं सोडू नकोस."

"मला काही फरक पडत नाही, ममा. सवय म्हणून मागते."

"हो का," आई म्हणाली आणि मला आणखी भात वाढला.

भाग लिहायला मिळाला हे तिला सांगितलं. ती इतक्या मोठ्याने "काय सांगतेस!" म्हणाली की बाहेर पेपर खाली झाल्याचा आवाज आला. कोणी विचारलं मात्र काही नाही.

२५ सप्टेंबर, मंगळवार

आमच्याकडे नुसती गोष्ट लिहून चालत नाही. प्रत्येक भागाने मुलांना काहीतरी शिकवलं पाहिजे, आणि काय शिकवायचं हे संशोधन विभाग ठरवतो. कोणाला 'वर आणि खाली' मिळतं, कोणाला आठचा आकडा. माझ्या वाट्याला आलं 'भेटणं आणि निरोप घेणं'. मॉर्टी म्हणाला, "नशीबवान आहेस. मागच्या महिन्यात मला 'त्रिकोण' होता."

दोन आठवडे कागद फाडले. कबुतरांचे विनोद लिहिले, माझं मलाच हसू येईना. आज दुपारी एकदम सुचलं आणि एका बैठकीत सगळं उतरलं. मिलाग्रोसची म्हातारी आत्या आईपापा जिथून आले त्या बेटावरून येते. एवढे जिने चढून गच्चीवर येते, कबुतरांना शिव्या घालते. सगळे तिला आपापल्या पद्धतीने भेटतात. कोणी हात मिळवतं, कोणी हॅलो म्हणतं, कबुतर मान हलवतं. शेवटी सहा वर्षांची पोर येते, तिच्यासमोर उभी राहते आणि म्हणते, "बेंदिसियोन, तीती." (तीती म्हणजे आत्या.) आत्या म्हणते, "देव तुझं भलं करो, पोरी." बस. एवढंच.

लिहून झाल्यावर टेबलावर डोकं ठेवून रडले. पहिलंच लिखाण, ताण असतो माणसाला. घरच्या प्रकाराशी ह्याचा काही संबंध नाही. मला फक्त मुलांना दिसेल असं, आपलं वाटेल असं काहीतरी हवं होतं.

२ ऑक्टोबर, मंगळवार

बैठक. मॉर्टीला भाग आवडला. खरोखर आवडला, दोनदा मोठ्याने हसला आणि तो उगाच हसत नाही. संशोधन विभागाच्या अडेलने पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाली, "स्वच्छ आहे. पोराला कळेल." अडेलकडून ह्याहून जास्त कोणाला कधी मिळालेलं नाही.

मग मॉर्टीने घसा खाकरला. "एकच शब्द. वरून निरोप आहे. देव नको."

"कुठला देव?"

"म्हातारीच्या उत्तरातला. सरकारी पैशावर चालणारा मुलांचा कार्यक्रम आहे. आज देव आला की उद्या फोन येणार, कोणाचा देव? माझी आजी असती तर पहिला फोन तिनेच केला असता."

"मग बेंदिसियोनही गेलं?"

"ते राहू दे. ते कोणाला कळत नाही आणि कानाला गोड लागतं. पोरगी म्हणेल, आणि म्हातारी तिला मिठी मारेल. मिठीवर कोण हरकत घेणार?"

मी हो म्हणाले, तेही ताबडतोब. विचार करते आहे असं दाखवण्यापुरतीसुद्धा थांबले नाही. मला भीती वाटली की जास्त ओढलं तर अख्खा भाग जाईल, आणि पुन्हा मी आणि माझ्या चादरी.

घरी येताना बसमध्ये स्वतःला समजावलं. मिठी म्हणजे उत्तरच की. शब्दांत काय ठेवलं आहे? उलट न बोलता जास्त बोललं जातं, नट म्हणून मला हे माहीत असायला हवं.

१० ऑक्टोबर, बुधवार

चित्रीकरण. आत्याच्या कामाला हर्मिनिया आहे. मी जन्मायच्या आधीपासून ती सान हुआनच्या रेडिओवर राण्या आणि विधवा करत होती. आवाज अजून तसाच, आणि जीभही. छोटीचं काम इवेत करते, पुढचे दोन दात पडलेली.

पहिल्या वेळेला इवेत म्हणाली, "बेंदिसियोन, तीती." हर्मिनिया म्हणाली, "देव तुझं भलं करो, सोन्या!" दिग्दर्शक ओरडला, "थांबा, थांबा."

"तोंडातून गेलं," हर्मिनिया म्हणाली.

दुसऱ्यांदा पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा ओठ हलले नाहीत, पण मायक्रोफोनने पकडलं. दिग्दर्शक घाम पुसायला लागला. मला पाठवलं तिच्याकडे.

"हर्मिनिया, फक्त मिठी मार ना."

"मिठी मांजरालाही मारतात. पोर समोर उभी राहून मागते आहे आणि मी तोंडात बोळा कोंबून बसू? तू कोणाची मुलगी ग? तुला घरी काही शिकवलं की नाही?"

"वरून ठरलं आहे. आणि मला हा भाग हवा आहे."

 तिने शालीने नाक पुसलं आणि म्हणाली, "चला."

ह्या वेळेला ती बोलली नाही. पोरीला जवळ ओढलं, घट्ट धरलं, आणि तिचे डोळे भरून आले. कॅमेऱ्यावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मॉर्टी म्हणाला, "बघितलंस? शब्दांपेक्षा भारी." मलाही तसंच वाटलं. निदान तेव्हा वाटलं.

आवराआवर चालू असताना हर्मिनिया इवेतला टाकीमागे घेऊन गेली आणि खाली वाकून तिच्या कानात काहीतरी म्हणाली. पोरीने मान हलवली आणि उड्या मारत दूध प्यायला गेली. काम चांगलं केलंस असं सांगितलं असेल. म्हातारी वरून काटेरी आहे, मनाने नाही.

२४ ऑक्टोबर, बुधवार

वाईट बातमी.

भाग दाखवायच्या आधी अडेल तो मुलांवर तपासते. एका खोलीत टीव्ही, त्याच्या शेजारी दुसरा पडदा, त्यावर सारखी रंगीत चित्रं बदलत राहतात. मूल टीव्हीवरून नजर काढून चित्रांकडे वळलं की अडेल कागदावर खूण करते. तिथे आमचा भाग हरला. तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. मागच्या वर्षी एक अख्खं गाणं ह्या पायी गेलं, संगीतकार आठवडाभर कोणाशी बोलत नव्हता.

ह्या वेळेला मुलं साउथ ब्रॉंक्सच्या बालवाडीतली होती, बहुतेक आमच्याच लोकांची. अडेल मला जिन्यात भेटली. "कबुतरं उत्तम. म्हातारी उत्तम. मिठीवर मात्र मुलं गेली."

"म्हणजे?"

"जवळजवळ सगळ्यांनी मान वळवली. चित्रांकडेसुद्धा नाही, सरळ मागे. असं मी कधी पाहिलेलं नाही. तो तुकडा कापावा लागेल, नेरेइदा. सॉरी."

नेमक्या मिठीवर. ज्या मिठीवर कॅमेऱ्यावाल्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या मिठीवर मुलांना कंटाळा आला. मीच शहाणी, म्हणे न बोलता जास्त बोललं जातं. दुपारभर मी चादरींच्या घड्या करत बसले, ते माझं काम नसताना.

३० ऑक्टोबर, मंगळवार

अडेल पुन्हा तपासणार होती. मी म्हटलं, मला बघू दे. काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. आवाज येत नाही, फक्त दिसतं. तिच्या मदतनिसाने हात वर केला की मिठी आली असं समजायचं.

मुलं सतरंजीवर. मागे भिंतीशी खुर्च्यांवर त्यांना घेऊन आलेल्या आज्या, आया, एक गर्भार मावशी, कोट मांडीवर घेऊन. मदतनिसाने हात वर केला. आणि झालंच! एकेक मान मागे वळली, थेट त्या खुर्च्यांकडे. घरी जायचं असणार बिचाऱ्यांना. बायकांच्या लक्षात आलं असावं की पोरं लक्ष देत नाहीत, कारण सगळ्यांचे ओठ एकदम हलले. दटावलं असेल. मुलं लगेच पुढे वळली आणि शेवटपर्यंत हलली नाहीत. आईने दटावलं की मीही अशीच सरळ बसायचे.

मी बाहेर येऊन अडेलला म्हटलं, "काप."

ती पेन्सिल चावत होती. "कंटाळलेलं मूल परत येत नाही," ती म्हणाली. "एकदा गेलं की गेलं. ही सगळी लगेच परत आली. मला हे कळत नाही, आणि मला न कळलेलं मी कापत नाही. राहू दे."

म्हणजे माझा प्रवेश अडेलच्या अज्ञानावर जगला. आनंद मानावा की काय कळेना.

१८ नोव्हेंबर, रविवार

आज मी मागितला नाही.

ठरवून नाही. जिना चढताना दम लागला होता, हातात पिशवी होती. शनिवारी विल्फ्रेदो पापांना भेटून गेला असं खालच्या दुकानात कळलं होतं, नव्या बायकोला घेऊन. मला वाईट वाटायला नको होतं, पण वाटलं. माझ्या नवऱ्याच्या नव्या बायकोला माझ्या घरात कॉफी मिळाली असणार आणि आशीर्वादही मिळाला असणार. दारातून आत गेले आणि नुसतं "काय म्हणता" म्हणाले, परक्या घरी म्हणतात तसं.

पापा पेपरमागे होते. पेपर खाली आला नाही. मी कोट काढला, खुंटीला लावला, तरी ते गप्प. मी स्वयंपाकघराकडे वळले तेव्हा म्हणाले, "तुझी आई स्वयंपाकघरात आहे."

मी काही मागितलंही नव्हतं! एवढी चेष्टा कशाला करायची माणसाची?

आईला सांगितलं, एकोणतीस तारखेला पाच वाजता, माझा लिहिलेला भाग. ती म्हणाली, "सगळ्या इमारतीला सांगितलं आहे. वरच्या मजल्यावरचं कुटुंब आमच्याकडेच येणार, त्यांचा टीव्ही बिघडला आहे."

"आणि पापा?"

"हे कुठे जाणार? खुर्ची ह्यांचीच आहे."

निघताना मी पापांच्या खुर्चीमागून गेले. त्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला केस अगदी विरळ झाले आहेत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

मी बघितला नाही. बघवला नसता. पाच वाजता लाँड्रीत जाऊन बसले आणि खऱ्या चादरी धुतल्या. कधी नव्हे ते.

परत आले तर जिन्यातच शेजारीण, दोन्या लुपे, कमरेवर हात ठेवून. "काय ग ए! त्या लेकराला तसंच उभं ठेवलंस?"

"कोणत्या लेकराला?"

"कोणत्या म्हणे! एवढीशी पोर बेंदिसियोन म्हणते आणि ती बया नुसती कवटाळते! जीभ गहाण पडली होती का तिची? मला द्यावा लागला आशीर्वाद. स्वयंपाकघरातून, कांदा चिरताना, टीव्हीला!"

मी हसले. तिला हसू आलं नाही.

दार उघडते तो फोन वाजतो आहे. मॉर्टी. "नेरेइदा, हे काय आहे? टेलिफोनवाली मुलगी रडकुंडीला आली आहे. पाचपासून फोन थांबत नाहीत. अर्ध्या बायका स्पॅनिशमध्ये ओरडताहेत. देवाचा उल्लेख केला म्हणून नाही, केला नाही म्हणून! एक म्हातारी म्हणाली, पोरीचं नाव कळवा, मी तिला फोनवरून आशीर्वाद देते. हे काय आहे तरी काय?"

 काचेमागची ती खोली आठवली. मुलं घरी जायला वळली नव्हती. पडद्यावरच्या म्हातारीने उत्तर दिलं नाही म्हणून ती आपल्या म्हाताऱ्यांकडे वळली होती. आणि बायकांनी दटावलं नव्हतं. मी ब्रॉंक्समध्ये वाढलेली बाई, तीन फुटांवरून त्यांचे ओठ बघत होते, आणि मला वाचता आलं नाही.

मॉर्टी "हॅलो, हॅलो" करत होता. मी म्हटलं, "उद्या सांगते."

मग आईचा फोन आला. तिच्या आवाजाची पट्टी नेहमीची नव्हती.

"बेंदिसियोन, ममा."

"देव तुझं भलं करो. ऐक. सगळे बसले होते. वरच्यांची पोरं, माझ्या दोघी बहिणी, हे खुर्चीत. पेपर मांडीवर होता, वाचत नव्हते. ती छोटी आली ना, आणि म्हणाली ना?"

"हो."

"मी तोंड उघडणार तेवढ्यात हे उठून उभे राहिले! 'देव तुझं भलं करो, पोरी,' एवढ्या मोठ्याने म्हणाले की वरच्यांचं बाळ दचकलं. आणि मग त्या टीव्हीवर काय भडकले! 'पोर मागते आहे आणि गप्प बसते? कसली माणसं ही? काळीज आहे की दगड? कोणी लिहिलं हे?' असं सगळं."

"मग?"

"मी म्हटलं, तुमच्या मुलीने."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. उभेच राहिले. कबुतरांचं गाणं लागलं, संपलं, तरी उभेच. मग टोपी घातली आणि बाहेर गेले. जेवण झाकून ठेवलं आहे, अजून आले नाहीत."

मी विचारलं, फार चिडले का. आई म्हणाली, मला ह्यांचा चेहरा दिसत नव्हता, पाठ होती माझ्याकडे.

झालं. पहिल्या लिखाणावर बापाची ही पावती. आधी नुसती घर मोडलेली होते, आता लेकराला आशीर्वाद न देणारी दगडी काळजाचीही झाले. आणि ती ओळ मी लिहिली होती हो! माझ्या कागदावर होती. कापायला हो म्हणाले तेही मीच.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

बसचा ड्रायव्हर बोलला, खाटीक बोलला. स्टुडिओत हर्मिनिया राणीसारखी बसली होती, कोणी काही विचारलं की म्हणत होती, "मला विचारू नका, मला मिठी मारायला सांगितलं होतं."

वरच्या लोकांचं मत रात्रीत बदललं. मॉर्टी म्हणाला, पुन्हा दाखवू तेव्हा उत्तर घालू, देवासकट, त्यांनी मान्य केलं आहे. हर्मिनियाने तिथल्या तिथे हात जोडून आढ्याकडे पाहिलं. अडेल मात्र तयार नाही. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी मुलांना पडद्याला खिळवायच्या मागे आहे. पहिल्यांदाच त्यांनी मान वळवली ती घरच्या माणसाकडे. उत्तर घातलंत तर ती कोणाकडे वळतील?"

"आणि ज्यांच्या मागे कोणी बसलेलं नाही त्यांचं काय?" हर्मिनिया म्हणाली.

दोघींचंही मला पटलं. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या, लेखिका तू आहेस म्हणून. सोमवारपर्यंत मुदत मागितली.

मॉर्टीने जाताना विचारलं, फेब्रुवारीचा एक भाग लिहिशील का. एरवी मी नाचले असते. मी म्हटलं, "'भेटणं आणि निरोप घेणं' सोडून काहीही चालेल." त्रिकोण मिळाला.

आईला फोन केला. पापा काल उशिरा आले, गप्प जेवले, आजही गप्प आहेत. "तू रविवारी येच," ती म्हणाली. मी म्हटलं, बघते.

२ डिसेंबर, रविवार

जायचं नव्हतं. सकाळपासून तीन वेळा कोट घातला आणि काढला. शेवटी स्वतःवरच चिडले. बोलतील ते बोलतील, मीही बोलेन. मीही सांगेन की ती ओळ आधी होती. सांगेन की मला कोणी शिकवायला नको लेकराला उभं ठेवलं की कसं वाटतं. बसमध्ये हे सगळं पाठ करत गेले, ओठ हलवत. समोरची बाई उठून दुसरीकडे बसली.

जिना चढले. दार आधीच उघडं होतं. थंडीत कोणी दार उघडं टाकत नाही, हीटरची ऊब जाते म्हणून हाच माणूस आम्हाला लहानपणी किती ओरडला आहे. पापा दारात उभे होते. खुर्चीत नाही, पेपर नाही. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, चर्चला जातात तसा. आत आईचा आवाज नव्हता, भांड्याचाही नव्हता.

मी शेवटच्या पायरीवर थांबले. पाठ केलेलं सगळं तयार होतं. तोंड उघडलं.

"देव तुझं भलं करो," पापा म्हणाले.

 त्यांची हनुवटी थरथरत होती आणि ती थांबवायला ते ओठ आवळत होते.

"बघतेस काय," ते म्हणाले, "आता माग."

 इतकी वर्षं ह्या आवाजावर पोट भरते, आणि एक शब्द बाहेर पडेना. पापा थांबले. दार तसंच उघडं, सगळी ऊब जिन्यात चाललेली, आणि मला तो शब्द सापडेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.